न ढकलायचं, न सोडायचं

लाल रेशमावर बदकांची जोडी पोहत होती, कमळं उमलली होती, पाण्यावर तरंग उठले होते. फक्त दोन्ही बदकं आंधळी होती.

डोळे शेवटी भरायचे, ही चन्हू गावच्या भरतकामाची रीत. डोळा भरला की पाखरू जिवंत होतं आणि जिवंत पाखराच्या अंगात सुई टोचू नये, असं जुन्या बायका म्हणत. पेइझननं आजवर बदकांचे, मांजरांचे, सोनमाशांचे इतके डोळे भरले होते की झोपेतही ती एखादा भरू शकली असती. पण त्या दिवशी सुई नर बदकाच्या डोळ्यापाशी आली आणि थरथरली. पेइझननं ती मागे घेतली, हात मांडीवर पुसला, पुन्हा नेली. पुन्हा तेच. जशी काय सुईलाच हुडहुडी भरली होती.

गिऱ्हाइकाचं काम असतं तर तिनं डोकं दुखतंय सांगून शेजारणीकडून डोळे भरून घेतले असते. पण ही लाल रजई रुईयीची होती. एकुलत्या एका लेकीची, लग्नात न्यायची. रुईयी शांघायला नोकरीला होती, तिथे तिला उत्तरेकडचा मुलगा भेटला, आणि शरदातल्या पौर्णिमेनंतर लग्न करून ती त्याच्याबरोबर हार्बिनला जाणार होती. तिथे म्हणे हिवाळ्यात केस धुऊन बाहेर पडलं की केसांच्या काड्या होतात. असल्या थंडीत आईनं भरलेल्या रजईचा काय निभाव लागणार होता, देव जाणे. पण द्यायची ती रजईच. गावातल्या सगळ्यांच्या मुलींच्या रजया पेइझननं भरल्या, आणि स्वतःच्या मुलीची बदकं आंधळी पाठवायची?

गुपचूप बसनं जाऊन ती दवाखान्यात दाखवून आली. डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, बोटं धरून पाहिली, बोटाच्या शेंड्यानं नाकाला शिवायला लावलं.

"नसा ठीक आहेत. घरात काय चाललंय?"

"काही नाही. मुलीचं लग्न."

"मग काही नाही कसं? मनावर ताण आहे तुमच्या. रोज सकाळी बाहेर पडा, मोकळ्या हवेत हालचाल करा. सावकाश, अंगाकडे लक्ष देऊन."

"गोळी नाही का एखादी?"

"गाव कुठलं?"

"चन्हू. सरोवराकाठी."

"मग गोळी माझ्याकडे कशाला मागता?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

पेइझनला हे काही पटलं नाही. सरोवर दाराशी असलेल्या माणसाला सरोवर दिसत नाही. तिला फार तर दमट हवा दिसे, कारण दमट हवेत रेशीम चिकटतं. नवऱ्याला सांगावं, तर खेकड्यांचा मोसम तोंडावर आला होता आणि गेंगलीन पाण्यातल्या जाळ्यांपाशी खोपटात राहायला गेला होता. या दिवसांत त्याला खेकडे आणि खेकड्यांना तो. घरात उरल्या सासूबाई. त्यांना सांगण्यापेक्षा तिनं खेकड्यांना सांगितलं असतं.

सासूबाईंना गाव लू-आजी म्हणे. ऐंशीला टेकलेल्या, काडीसारख्या, मागे घट्ट अंबाडा. चन्हूतल्या निम्म्या बायकांना सुई धरायला त्यांनी शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना नावं ठेवली होती. पेइझनच्या वाट्याला दोन्ही आलं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या प्रत्येक टाक्यावर सासूबाईंची नजर असे, आणि नजरेमागून जीभ. या रजईजवळ मात्र त्या एकदाही फिरकल्या नव्हत्या. "लग्नाच्या रजईला सवाष्णीचेच हात लागावेत. मी विधवा बाई, लांबच बरी," असं म्हणून त्या उंबऱ्यावर बसत, पाठ भरतकामाच्या चौकटीकडे. रीत खरीच होती. पेइझनला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग हळूहळू ते टोचायला लागलं. नातीच्या रजईकडे एक नजर टाकली असती, दोन नावं ठेवली असती, तर काय बिघडलं असतं?

त्या दुपारी सासूबाई उंबऱ्यावर शिंगाडे सोलत बसल्या होत्या.

"पेइझन," त्या मागे न वळता म्हणाल्या, "तुझी सुई बोलतेय."

"काय?"

"चौकटीला लागून टिकटिक करतेय. चांगली सुई मुकी असते."

"डास होता, आई."

"दोन आठवडे एकच डास?" त्यांनी एक शिंगाडा पाण्यात टाकला. "हात थरथरतोय. रात्री उठून फिरतेस ते वेगळंच. जिना करकरतो आपला."

पेइझननं सुई रेशमात खोचून ठेवली, नाहीतर तिनं पुन्हा चहाडी केली असती.

"उद्या पहाटे माझ्याबरोबर झाडाखाली यायचं."

"पहाटेचाच उजेड चांगला असतो, आई. तेवढ्या वेळात—"

"तेवढ्या वेळात काय करणारेस? थरथरणार?"



झाड म्हणजे कापराचं झाड. मुलगी झाली की अंगणात कापराचं झाड लावायचं आणि तिच्या लग्नात ते तोडून कपड्यांच्या पेट्या करायच्या, अशी या बाजूची जुनी चाल. रुईयी झाली तेव्हा अंगणात जागा नव्हती, म्हणून सासूबाईंनी रोप नेऊन सरोवराकाठी लावलं. ते वाढलं, फोफावलं, आणि त्याच्या सावलीत गावातले म्हातारे रोज पहाटे ताई-चीचा संथ व्यायाम करायला लागले. आता त्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावली असती, तर त्यांनी लावणाऱ्याला लावली असती. रुईयीच्या पेट्या दुकानातून आल्या.

पहाटे दोघी निघाल्या. दाराबाहेर पाऊल टाकताच सासूबाईंनी पेइझनची बाही धरली.

"दव पडलंय. तुला सवय नाही, घसरशील."

"मी?"

"मग काय मी?"

झाडाखाली पोहोचल्यावर पेइझनला कळेना की ही माणसं बरी व्हायला आलीत की बिघडायला. एक आजोबा झाडाच्या बुंध्यावर स्वतःची पाठ आपटत होते, धप् धप्, अगदी शांत चेहऱ्यानं. सोयाचा पनीर विकणाऱ्या चूबाई टाळ्या वाजवत उलट्या चालत होत्या, "सरा, सरा, मागे दिसत नाही मला!" फांद्यांना पाखरांचे पिंजरे टांगलेले. आणि मध्ये कू मास्तर. हे पूर्वी सरोवरात फेरीबोट चालवायचे. जन्म इंजिनाच्या आवाजावर ओरडण्यात गेलेला, त्यामुळे "सावकाश! मन शांत!" हे ते अशा आवाजात सांगत की पिंजऱ्यातली पाखरं दांडीवरून पडायची बाकी राहत.

"ही माझी सून," सासूबाई म्हणाल्या. "हिचा हात थरथरतो."

सगळ्यांसमोर. पेइझनला वाटलं, सरोवरात उडी घ्यावी.

"थरथरू दे," कू मास्तर गरजले. "पायांवर उभं राहता येतं ना? मग झालं!"

पेइझन पायांवर उभी राहिली आणि दुसऱ्यांचे हातपाय बघून आपले हलवू लागली. नक्षी उतरवून घेण्यात तिचा हात कोण धरणार? हात किती वर, गुडघा किती वाकलेला, बोटं कशी सैल, सगळं तिनं दोन-तीन दिवसांत टिपून घेतलं. घरी येऊन चौकटीपाशी बसली की सुई पुन्हा टिकटिकायची. तिला यात काही अर्थ दिसेना. एवढ्या वेळात एक कमळाची पाकळी झाली असती.

चौथ्या का पाचव्या दिवशी कू मास्तर तिच्याभोवती एक चक्कर मारून समोर थांबले.

"चित्र छान आहे हो सूनबाई. एकही चूक नाही. पण चित्रातली माणसं श्वास घेत नाहीत, आणि तुम्हीही घेत नाही. कुठे ठेवून आलात?"

पेइझननं विचार केला. खरंच, छाती जागच्या जागी होती. दगडासारखी.

"घरी," तिच्या तोंडून निघून गेलं. "सुईपाशी."

चूबाई उलट्या चालता चालता थांबल्या आणि हसत सुटल्या. पण पेइझन हसत नव्हती, ती आठवत होती. रेशमाचा धागा फोडून त्याचे पदर करायचे, त्या पदराचे आणखी पदर. शेवटचा पदर इतका तलम की डोळ्यांपेक्षा बोटांनाच आधी कळावा. आणि त्याच्यासमोर श्वास सोडला की तो गेला उडून. नवी नवरी होती तेव्हा पहिल्याच दिवशी डोक्यात टपली बसली होती: श्वास धर! तेव्हा जो धरला तो धरलाच. फोडताना धरला, भरताना धरला. पुढे रुईयीला ताप आला तेव्हा धरला, गेंगलीन वादळात पाण्यावर अडकला तेव्हा धरला, आणि रुईयीनं फोनवर "हार्बिन" म्हटलं तेव्हापासून तर सोडलाच नव्हता.

"आईंनीच शिकवलंय," ती म्हणाली.

"मी?" सासूबाईंनी हात हवेतच थांबवले. "मी रेशीम फोडताना धर म्हटलं होतं. जन्मभर नाही, बाई!"

आता मात्र सगळं झाड हसलं. पाठ आपटणारे आजोबासुद्धा थांबले. पेइझनलाही हसू फुटलं आणि हसताना तो कोंडलेला श्वास असा धडाडून बाहेर पडला की तिचे डोळे भरून आले. तिनं तोंड सरोवराकडे वळवलं.

आणि तेव्हा तिला ते दिसलं. धुकं पाण्यावरून वर सरायला लागलं होतं, कुणी रजईची घडी एका टोकानं उलगडावी तसं. लव्हाळ्यांत एका टिबुकली पाखरानं पाण्यात बुडी मारली. पेइझन ती वर कुठे येते म्हणून बघत राहिली. टिबुकली बरीच लांब, भलतीकडेच वर आली. तेवढ्यात पेइझनचा श्वास आपसूक आत-बाहेर झाला होता, तिला न विचारता.

त्याच आठवड्यात सासूबाईंची जोडीदारीण आपल्या मुलीकडे राहायला वूशीला गेली. ताई-ची झाल्यावर थोडा वेळ जोडीजोडीनं हाताला हात लावून करायचा एक प्रकार असतो, त्यातली ही जोडीदारीण.

"माझ्यासमोर ही उभी राहील," सासूबाईंनी पेइझनकडे हनुवटी केली.

"मनगटाला मनगट टेकवा," कू मास्तर म्हणाले. "आता गोल फिरवा. ती येईल तेव्हा तुम्ही मागे, ती मागे जाईल तेव्हा तुम्ही पुढे. ढकलायचं नाही. आणि सोडायचंही नाही. हातानं ऐकायचं."

"हातानं कसं ऐकायचं?"

"तोंड बंद ठेवून," सासूबाई म्हणाल्या.

पेइझननं मनगट पुढे केलं आणि तिच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत आपण या बाईच्या हाताला हात लावलेला नाही. लग्नात गुडघ्यावर बसून चहाचा पेला दिला तेव्हा बोटं लागली असतील नसतील. त्यानंतर भांडी दिली-घेतली, रेशमाच्या लडी दिल्या-घेतल्या, बोलणी दिली-घेतली, हात नाही. सासूबाईंचं मनगट थंड होतं, वाळलेल्या शेंगेसारखं हलकं. पेइझननं धसमुसळेपणानं ढकललं. समोर काही नव्हतंच. मनगट बाजूला वाहून गेलं आणि पेइझन तोल जाऊन सासूबाईंच्या खांद्यावर आदळली.

"भांडायला आलीस का?"

"नाही, आई."

"मग हात असा लाटण्यासारखा का धरलास? पुन्हा."

पुन्हा. रोज पुन्हा. कधीकधी एखादा फेरा असा जमायचा की कोण नेतंय आणि कोण जातंय हेच कळेनासं व्हायचं. पायाखाली ओली माती, डोक्यावर कापराच्या पानांचा तो झिणझिण्या आणणारा वास, लांब कुठेतरी खेकडेवाल्यांच्या होड्यांची फटफट. पेइझनला रात्री झोप लागायला लागली. जेवताना तिला कळायला लागलं की आपण जेवतोय. सकाळी परत आल्यावर हात तासभर तरी शहाण्यासारखा वागे, आणि तेवढ्यात ती उरलेली पानं, लाटा, काठ उरकून घेई. पण डोळ्यापाशी सुई नेली की संपलं. छाती दगड, हात पाला.

"आई, झाली का गं रजई?" रुईयीनं फोनवर विचारलं. "मी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येतेय. मला पाठव ना फोटो."

"डोळे राहिलेत."

"अजून? तू तर एका दुपारी भरतेस ना डोळे!"

"खेकड्यांची गडबड आहे," पेइझन म्हणाली. खेकड्यांचा आणि डोळ्यांचा काय संबंध, हे रुईयीनं विचारलं नाही. तीही लग्नाच्या गडबडीत होती.

पौर्णिमा तोंडावर आली तशी क्वेइची झाडं फुलली. एवढुशी पिवळी फुलं, पण गावभर वास. त्या सकाळी धुकं दाट होतं, पिंजरे दिसत नव्हते, नुसती पाखरं ऐकू येत होती. दोघींचे हात फिरत होते. पेइझननं शिकल्याप्रमाणे तोंड बंद ठेवलं होतं, आणि ऐकत होती. आज तिला नवीनच काहीतरी ऐकू आलं. पाऊल टाकायच्या आधी सासूबाई थांबत. अगदी एवढंसं, तिळाएवढं. त्यांचं मनगट किंचित जड होई, जसं काही पेइझनच्या हाताला विचारत असावं: पुढे काय आहे? आणि पेइझनचा हात पुढे वळला की मगच पाय जमिनीवर येई. पाय जमीन बघत नव्हता. पाय पेइझनला विचारत होता.

तेवढ्यात झाडावरून एक सुरवंट पेइझनच्या मानेवर पडला. ती दचकली, हात सुटला. एक पाऊल मागे सरून तिनं तो झटकला आणि वर पाहिलं.

सासूबाईंचा हात हवेत तसाच होता. तो उजवीकडे गेला. मग थोडा डावीकडे. बोटं उघडली, मिटली. पेइझन समोर उभी होती, हातभर अंतरावर, आणि तो हात तिला शोधत होता. सासूबाईंचे डोळे तिच्या कानाच्या मागे कुठेतरी लागले होते.

पेइझनला ओरडावंसं वाटलं. तिनं श्वास धरला. मग आठवण झाली, तो सोडला. आणि आपलं मनगट अलगद त्या हाताखाली नेऊन ठेवलं.

"मी इथे आहे, आई."

"माहितेय मला. मी काय आंधळी आहे?"

हात फिरायला लागले. एक फेरा, दुसरा फेरा. धुक्यात एक पाखरू शीळ घालत होतं. तिसऱ्या फेऱ्याला सासूबाईंचं मनगट थरथरलं. आता थरथरायची पाळी त्यांची होती.

"उजव्यानं काहीच नाही," त्या अगदी हळू म्हणाल्या. "डाव्यानं उजेड-अंधार. माणूस हललं तर कळतं."

पेइझननं कू मास्तरांकडे पाहिलं. ते जवळच उभे होते, आणि त्यांनी मान वळवली नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?" तिनं नंतर त्यांना बाजूला गाठून विचारलं.

"लू-वहिनींच्या हाताला ज्यानं ज्यानं हात लावला, त्या सगळ्यांना ठाऊक आहे," कू मास्तर म्हणाले. या वेळी त्यांना हळू बोलता आलं. "घरात कुणी लावला नसेल."

परतताना सासूबाईंनी बाही धरली. दव, घसरणं, सवय, यातलं काही बोलल्या नाहीत. अर्ध्या रस्त्यात पेइझननं विचारलं,

"मला का नाही सांगितलंत?"

"लग्न होऊ दे, मग ने कुठे न्यायचं तिथे. आत्ता सांगितलं असतं तर रुईयीनं लग्न पुढे टाकलं असतं, गेंगलीननं खेकडे वाऱ्यावर सोडले असते, आणि तू—"

"मी काय?"

"तू मला खुर्चीत बसवलं असतंस. उन्हात, मांडीवर पांघरूण घालून. हिवाळ्यात कोबी वाळत घालतात तसं."

खरंच होतं ते. पेइझननं बसवलंच असतं.

"म्हणजे माझा हात थरथरतो म्हणून नव्हतं नेलंत तुम्ही मला."

"हातासाठीच नेलं. माझी मैत्रीण वूशीला जायची होती, मला धरायला बाहीही हवी होती. एका दगडात दोन पाखरं मारली तर पाप लागतं का?"

"आणि रजई? सवाष्णीचे हात, ती रीत?"

"रीत खरीच आहे," सासूबाई म्हणाल्या. "वेळेवर उपयोगी पडली."

पेइझन थांबली. बाही धरलेला हातही थांबला.

"मला वाटलं, तुम्हाला बघायचीच नाही. मला वाटलं, माझं काम तुम्हाला—"

सासूबाई सरोवराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तिकडे त्यांना उजेड दिसत असावा.

"जवळ आले असते तर तू विचारलं असतंस, 'कशी झालीय, आई?' मी काय सांगणार होते? आजवर तुझ्याशी भांडले खूप. खोटं नाही बोलले."

त्या दिवशी पेज खाऊन झाल्यावर दोघींनी दोन बाजूंनी धरून चौकट अंगणात आणली, क्वेइच्या झाडापासून जरा लांब, फुलं रेशमावर पडू नयेत म्हणून. पेइझन बसली. तिच्याजवळ स्टूल ओढून सासूबाई बसल्या, आणि आपलं मनगट त्यांनी सुनेच्या कोपराला टेकवलं.

"चल. मी ऐकतेय."

पेइझननं काळं रेशीम घेतलं, फोडलं, पदर काढला. तेवढ्यापुरता श्वास धरला, मग सोडला. सुई नराच्या डोळ्यापाशी नेली. हात थरथरला, छाती आवळली. लगेच कोपरावर एक बोट वाजलं.

"सोड."

"सुटत नाही, आई. ती जातेय. तिकडे बर्फात जातेय, मला इथून तिची खिडकीसुद्धा—"

"मग ढकलू नकोस तिला. आणि सोडूही नकोस. आपण सकाळी काय करतो?" बोट पुन्हा वाजलं. "पाय जमिनीवर ठेव. अंगठे चपलेत नको, मातीत."

पेइझननं चपला काढल्या. माती ओली होती. वाऱ्यानं क्वेइचा वास आला, गेला. थरथर आली, तिनं ती दाबली नाही, होडी गेल्यावर काठाला लाट येते तशी येऊ दिली, ओसरू दिली. श्वास बाहेर जाता जाता सुई खाली गेली. मुकी.

"हं," सासूबाई म्हणाल्या.

दुपारपर्यंत नराला दिसायला लागलं. मध्ये तीनदा हात बिनसला, तीनदा दोघी उठल्या, भिंतीजवळच्या मोकळ्या जागेत मनगटाला मनगट लावून फिरल्या, परत बसल्या. शेजारच्या चूबाईंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय चाललंय गं? नाचताय की भांडताय?"

"दोन्ही," सासूबाई ओरडल्या. "तुम्ही मागे बघून चाला!"

मादीचा डोळा दुसऱ्या दिवशी भरून होत आला. राहिला शेवटचा पांढरा टाका, बुबुळातला चमकता ठिपका. त्याच्यानं डोळा डोळा होतो. पेइझननं पांढरा पदर सुईत ओवला आणि सुई सासूबाईंच्या बोटांत दिली.

"हे काय?"

"हा तुम्ही घाला."

"वेड लागलंय का? विधवेचा हात लग्नाच्या रजईला? रीत—"

"रीत कोण बघतंय? तुम्हाला दिसत नाही. मी डोळे मिटते."

म्हणाली खरं, पण मिटले नाहीत. रेशीम महागाचं होतं.

तिनं आपलं मनगट सासूबाईंच्या मनगटाखाली ठेवलं. दोघींचा हात रेशमावर आला. काडीसारखी बोटं एकदा बदकाच्या डोक्यावरून फिरली, पोटाच्या पिसांवरून, मानेवरून, चोचीवरून. फार हळू. सगळी रजई त्या एवढ्या जागेत वाचत असल्यासारखी. पेइझन काही विचारणार नव्हती.

"मानेचे टाके," सासूबाई म्हणाल्या, "माझ्यापेक्षा चांगले आहेत." मग घसा साफ केला. "पोटाचे नाहीत."

सुई खाली गेली. वर आली. ठिपका हवा होता त्याच्या जरासा अलीकडे पडला. चन्हूच्या इतर कुणा बाईनं तो उसवला असता. पेइझननं गाठ मारली आणि धागा कापला.

संध्याकाळी रुईयीला फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"आई! काय सुंदर झालीय गं! पण ती मादी अशी तिरकी का बघतेय त्याच्याकडे?"

पेइझननं फोन सासूबाईंच्या तोंडासमोर धरला.

"बायको आहे ती," सासूबाई म्हणाल्या. "नजर ठेवावी लागते. आणि हे बघ, तिकडे थंडी आहे म्हणून घरात कोंडून बसू नकोस. बाहेर पड. श्वास घे. तुझ्या आईवर जाऊ नकोस."

"आजी, तू रडतेयस का?"

"क्वेइच्या फुलांनी नाक चोंदतं माझं. ठेव आता."

पेइझनचा हात पुढेही अधूनमधून थरथरायचा. रुईयी निघाली त्या दिवशी तर चहाचा पेला बशीवर नाचला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पेइझनला जाग आली तेव्हा घर फार मोठं वाटत होतं. गेंगलीन खेकडे घेऊन बाजाराला गेला होता. दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, त्यासाठी सासूबाईंचा नवा कोट खुर्चीवर काढून ठेवलेला होता. कोट खुर्चीवर होता, पण सासूबाई दारात होत्या, जुनाच कोट घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून.

"किती वेळ उभं करतेस? चल. दव पडलंय बाहेर. घसरशील."

"घसरेन," पेइझन म्हणाली, आणि बाही नाही, हात पुढे केला.